पाचवा पलंग

एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. बरीच वर्षं इंग्लंडमध्ये राहून त्यांचं कुटुंब महाराष्ट्रात परतलं, पण तिथला फ्लॅट त्यांनी विकला नाही. १९६० च्या दशकातला पाच मजली ब्लॉक, तिसरा मजला, तीन बेडरूम. भाच्याच्या ओळखीने तो पाच तरुणांना भाड्याने दिला आहे. दोघे मावसभाऊ मोठ्या खोलीत, दोघे एकेका छोट्या खोलीत आणि पाचवा दिवाणखान्यात पलंग टाकून. दिवाणखान्यात जायला स्वयंपाकघरातूनच वाट आहे. पॅसेजमधला बॅटरीवरचा स्मोक अलार्म फोडणी घातली की वाजतो म्हणून मुलांनी काढून कपाटात ठेवला. मुलांना आता खोल्यांना कुलपं हवी आहेत. एकाने इलेक्ट्रिक सायकल घेतली आहे, ती पॅसेजमध्ये चार्जिंगला असते. अलीकडे इमारतीच्या व्यवस्थापनाने ‘एचएमओ लायसन्स (वेगवेगळ्या कुटुंबांतल्या लोकांना एकाच घरात भाड्याने ठेवायचा परवाना) आहे का’ असं पत्र पाठवून विचारलं. एजंट म्हणतो, ब्लॉकमधल्या फ्लॅटला लायसन्स लागतच नाही. त्या विचारतात, “मुलं घरच्यासारखी आहेत, भाडंही बाजारापेक्षा कमीच घेतो. कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेला, विचारायला गेलं तर आपणहून संकट ओढवून घेणं होईल का? मुलं स्वतःहून सोडून जाईपर्यंत गप्प राहू का?”

तुमच्या पत्रात लायसन्सचा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि दिवाणखान्यातला पलंग ओघात येऊन जातो. मी उत्तर देताना हा क्रम उलटा करते. लायसन्स लागो वा न लागो, तिथे झोपणं आजच थांबवायला हवं.

कारण त्या खोलीला बाहेर पडायची एकच वाट आहे आणि ती स्वयंपाकघरातून जाते. घरात आग लागण्याची सर्वाधिक शक्यता असलेली खोली हीच. रात्री तिथे आग लागली तर बाकीचे चौघे आपापल्या खोल्यांतून पॅसेजमध्ये येऊन बाहेर पडू शकतील. पाचव्याला मात्र आगीतूनच जावं लागेल. अग्निसुरक्षेच्या भाषेत अशा खोलीला ‘इनर रूम’ म्हणतात. तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर अशा खोलीला खिडकीचा आधार देता येतो. खिडकी जमिनीपासून ४.५ मीटरपेक्षा उंच नसावी, उघडणारा भाग किमान ०.३३ चौरस मीटर असावा, रुंदी आणि उंची दोन्ही किमान ४५० मिलिमीटर असाव्यात आणि खालची कड खोलीच्या फरशीपासून ११०० मिलिमीटरच्या आत असावी, अशी त्याची मापं आहेत. तुमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, त्यामुळे खिडकीचा पर्यायच उरत नाही. तिथे कितीही अलार्म लावले तरी ते फक्त जागं करतील, बाहेर पडायला वाट देणार नाहीत.

आता ‘मुलं घरच्यासारखी आहेत’ याबद्दल. हे तुम्ही मनापासून लिहिलं आहे आणि मुलांनाही तसंच वाटत असेल. पण इंग्लंडचा २००४ चा हाउसिंग अ‍ॅक्ट माणसं आणि कुटुंबं वेगवेगळी मोजतो. तीन किंवा अधिक जण, एकापेक्षा जास्त कुटुंबांतले, एकाच फ्लॅटमध्ये भाड्याने राहत असतील आणि स्वयंपाकघर किंवा बाथरूम-संडास सामायिक असेल तर तो फ्लॅट एचएमओ, म्हणजे ‘हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन’ ठरतो. एका गावचे, एका कॉलेजचे, एकत्र जेवणारे मित्र म्हणजे एक कुटुंब नव्हे. नात्यांच्या बाबतीत मात्र हा कायदा बराच उदार आहे. आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं, भावंडं, काका-मामा, आत्या-मावशी, भाचे-पुतणे हे सगळे एका कुटुंबात धरले जातात आणि चुलत, मामे, आते, मावस भावंडंसुद्धा. तेव्हा तुमचे दोन मावसभाऊ मिळून एक कुटुंब आणि बाकीचे तिघे तीन कुटुंबं. पाच माणसं, चार कुटुंबं. तुमचा फ्लॅट एचएमओ आहे यात शंका नाही. पाचवा गेला आणि चौघे उरले तरी तो एचएमओच राहील.

इथे बहुतेक मालकांची गल्लत होते. एचएमओ असणं आणि एचएमओला लायसन्स लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लायसन्सचे तीन प्रकार धरा. पहिलं सक्तीचं, म्हणजे मँडेटरी. १ ऑक्टोबर २०१८ पासून इंग्लंडमध्ये पाच किंवा अधिक माणसं आणि दोन किंवा अधिक कुटुंबं असली की ते लागतं; पूर्वीची तीन मजल्यांची अट त्या दिवशी गेली. यातून एक सूट आहे. मुळात फ्लॅट म्हणूनच बांधलेल्या आणि तीन किंवा अधिक स्वतंत्र फ्लॅट असलेल्या ब्लॉकमधला फ्लॅट या सक्तीच्या लायसन्समधून वगळला आहे. तुमच्या एजंटने एवढंच वाचलेलं दिसतं आणि एवढ्यापुरतं त्याचं बरोबर आहे. पण दुसरा प्रकार आहे अ‍ॅडिशनल लायसन्सिंग. कौन्सिलला आपल्या हद्दीत किंवा ठरावीक भागात लहान एचएमओंनाही लायसन्स सक्तीचं करता येतं आणि त्यात ब्लॉकमधले फ्लॅट येऊ शकतात. बऱ्याच योजना तीन माणसांपासून सुरू होतात. तिसरा प्रकार सिलेक्टिव्ह, जो त्या भागातल्या भाड्याच्या सर्वसाधारण घरांना लागू होतो, मग राहणारं कुटुंब एकच का असेना. या दोन्ही योजना जास्तीत जास्त पाच वर्षांच्या असतात, संपतात, पुन्हा नव्याने लागू होतात. त्यामुळे ‘फ्लॅट घेतला तेव्हा विचारलं होतं, लागत नव्हतं’ हे उत्तर पुरेसं नाही.

तपासायला कौन्सिलचं दार ठोठावण्याची गरज नाही. कौन्सिलच्या संकेतस्थळावर ‘प्रॉपर्टी लायसन्सिंग’ किंवा ‘एचएमओ’ या पानावर योजनेची हद्द, सुरू झाल्याची तारीख आणि संपण्याची तारीख असते. काही ठिकाणी पोस्टकोड टाकून लगेच कळतं. त्याच पानावर ‘एचएमओ स्टँडर्ड्स’ नावाची पुस्तिका शोधा. तुमच्या कौन्सिलला कोणत्या खोलीत कोणता अलार्म हवा, किती माणसांमागे किती शेगड्या, सिंक आणि फ्रिज हवेत हे तिच्यात असतं. काम काढण्याआधी ती वाचा, कारण एका कौन्सिलला चाललेली गोष्ट शेजारच्या कौन्सिलला चालेलच असं नाही. जाता जाता ‘आर्टिकल ४’ हेही शोधा. एरवी साधं घर तीन ते सहा जणांच्या एचएमओत बदलायला प्लॅनिंगची परवानगी लागत नाही, पण आर्टिकल ४ लागू असलेल्या भागात लागते.

आता तुमच्या भीतीबद्दल. लायसन्स लागत असताना ते न घेता एचएमओ चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे. खटल्याऐवजी कौन्सिल नागरी दंडही करू शकते. त्याची कमाल मर्यादा ३०,००० पौंड होती, २०२५ च्या रेंटर्स राइट्स कायद्याने ती ४०,००० केली. याशिवाय भाडेकरू न्यायाधिकरणाकडे जाऊन भरलेलं भाडं परत मागू शकतात. या परताव्याची कमाल मर्यादा त्याच कायद्याने १२ महिन्यांच्या भाड्यावरून २४ महिन्यांवर नेली. भाडं बाजारापेक्षा कमी घेतलं म्हणून यातून सुटका होत नाही.

पण गप्प राहण्याचा हिशेबही मांडून पाहा. हा गुन्हा रोज चालू राहणारा आहे. रीतसर अर्ज, म्हणजे सगळी कागदपत्रं आणि शुल्कासह पूर्ण अर्ज, ज्या दिवशी दाखल होतो त्या दिवसापासून पुढच्या काळासाठी कायदा तुम्हाला बचाव देतो, मग लायसन्स हातात यायला कितीही महिने लागोत. मागचा काळ उरतो, पण तो वाढायचा थांबतो. गप्प राहिलात तर तो दररोज एका दिवसाने वाढतो. शिवाय इमारतीच्या व्यवस्थापनाने विचारलेलंच आहे. हे आपल्यापुरतं राहील अशी आशा आता धरू नका. योजना लागू असेल तर अर्ज करा, तोही याच महिन्यात. फ्लॅट एचएमओ म्हणून चालवायचाच नाही असं ठरवलंत तर कौन्सिलकडे तीन महिन्यांची तात्पुरती सूट मागता येते. द्यायची की नाही ते कौन्सिल ठरवते.

आणि योजना लागू नसेल तर? तरीही २००६ चे एचएमओ व्यवस्थापन नियम तुम्हाला लागू आहेत आणि एजंटने हे सांगितलं नाही ही त्याची मोठी चूक आहे. व्यवस्थापकाचं नाव, पत्ता आणि फोन फ्लॅटमध्ये दिसेल असा लावणं, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवणं, अलार्म चालू स्थितीत ठेवणं, गॅस आणि विजेची सुरक्षितता राखणं ही कर्तव्यं लायसन्सविनाही आहेत. ती मोडली तर तोही गुन्हा आहे. आज मुलांनी काढलेला अलार्म कपाटात आहे आणि पॅसेजमध्ये सायकल आहे, म्हणजे लायसन्सचा निकाल काहीही लागला तरी दोन नियम मोडलेलेच आहेत.

‘ब्लॉकला स्वतःची फायर सिस्टीम असेलच की’ असं फ्लॅटमालकांना बरेचदा वाटतं, म्हणून तेही सांगते. अशा ब्लॉकमध्ये प्रत्येक फ्लॅट ही काँक्रीटची स्वतंत्र पेटी मानलेली असते. एका फ्लॅटमधली आग ठरावीक काळ तिथेच अडून राहावी अशी रचना असते. म्हणूनच बहुतेक ब्लॉकमध्ये सगळ्यांना उठवणारा सामायिक अलार्म नसतो. जिन्यात धूर ओढून घेणारे झरोके किंवा डिटेक्टर असले तरी ते तुमच्या फ्लॅटमध्ये झोपलेल्यांना उठवत नाहीत. तुमच्या फ्लॅटमधल्या माणसांना जागं करणं ही तुमच्या फ्लॅटमधल्या अलार्मचीच जबाबदारी आहे.

तो अलार्म कसा असावा? १९६० च्या दशकातल्या ब्लॉकसाठी आणि वेगवेगळ्या कुटुंबांतल्या चौघांसाठी बीएस ५८३९ भाग ६ या मानकातली ‘ग्रेड डी१’ यंत्रणा धरा. ती विजेवर चालते, आत सीलबंद बॅटरी असते आणि सगळी उपकरणं एकमेकांना जोडलेली असतात. एक वाजलं की सगळी वाजतात. पॅसेजमध्ये एक ऑप्टिकल स्मोक अलार्म, दिवाणखान्यात एक स्मोक अलार्म, स्वयंपाकघरात हीट अलार्म. बेडरूममध्ये हवेत की नाही हे कौन्सिलच्या पुस्तिकेवर ठरेल. माझं मत विचाराल तर तिन्ही बेडरूममध्ये लावा, म्हणजे एकूण सहा. दारं बंद करून चार्जर, हीटर, इस्त्री वापरणाऱ्या तरुणांच्या घरात आग बेडरूममध्येही सुरू होऊ शकते आणि पॅसेजमधल्या अलार्मपर्यंत धूर पोचायला बंद दारामुळे वेळ लागतो.

फोडणीचा प्रश्न इथेच सुटतो. मुलांनी अलार्म काढला हे चूकच, पण रोज दोनदा खोटा वाजणारा अलार्म कुठल्याही घरात काढला किंवा प्लास्टिकच्या पिशवीने झाकला जातो. हीट अलार्म धुराला दाद देत नाही, तापमान चढलं की वाजतो, म्हणून स्वयंपाकघरात तोच लावतात. तो खोलीतल्या कुठल्याही बिंदूपासून ५.३ मीटरच्या आत असावा. पॅसेजमधला स्मोक अलार्म स्वयंपाकघराच्या दारापासून शक्य तितका दूर, पण बेडरूमच्या दारांजवळ आणि भिंतीपासून वा दिव्यापासून किमान ३०० मिलिमीटर अंतरावर घ्या. शेगडीवरचा एक्स्ट्रॅक्टर हवा खरोखर बाहेर टाकतो का तेही पाहा. बऱ्याच फ्लॅटमध्ये तो नुसता फिल्टरमधून हवा फिरवून परत खोलीत सोडतो आणि मग धूर दारातून पॅसेजमध्येच येतो.

इलेक्ट्रिशियनला दोन गोष्टी आधीच सांगा. अलार्मची वीज रोज वापरातल्या दिव्यांच्या सर्किटवरून घ्यायला सांगा. वेगळं सर्किट असेल तर कुणी ते बंद केल्याचं महिनोन्‌महिने लक्षात येत नाही, दिवे गेले तर त्याच संध्याकाळी कळतं. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्या काळातल्या छतांवरच्या खरबरीत रंगलेपात आणि काही जुन्या दारांच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. छताला ड्रिल लावण्याआधी इमारतीच्या व्यवस्थापनाकडे अ‍ॅस्बेस्टॉसची माहिती मागा, नसेल तर नमुना तपासून घ्या. हे काम होईपर्यंत, याच आठवड्यात, दहा वर्षांच्या सीलबंद बॅटरीचे आणि रेडिओने एकमेकांशी जोडले जाणारे अलार्म बसवून घ्या. ती तात्पुरती सोय आहे, पण आजच्या शून्यापेक्षा कितीतरी बरी. प्रत्येक अलार्मवर बदलायची तारीख छापलेली असते, ती लिहून ठेवा. बटण दाबून वाजणारा दहा वर्षांपुढचा अलार्म धूर ओळखेलच असं नाही.

आता दारं. पलंगानंतर सगळ्यात जास्त जीव वाचवणारी गोष्ट हीच, म्हणून इथे घाई करू नका. पहिलं दार स्वयंपाकघराचं, दुसरं फ्लॅटचं मुख्य दार. दोन्ही ‘एफडी३०एस’ हवीत, म्हणजे ३० मिनिटं आग आणि त्याचबरोबर थंड धूर अडवणारी. अशी दारं साधारण ४४ मिलिमीटर जाड असतात. त्यांना तीन बिजागऱ्या असतात, कडेला उष्णतेने फुगणारी पट्टी आणि धूर अडवणारा ब्रश किंवा रबर असतो आणि स्वतः बंद होण्यासाठी क्लोजर असतो. दार आणि चौकट यांमधली फट वर आणि बाजूंनी २ ते ४ मिलिमीटर असावी. एका पौंडाचं नाणं साधारण ३ मिलिमीटर जाड असतं, ते सरकवून कुणीही तपासू शकतं. दार थोडं उघडून सोडा. ते कुणी न ढकलता पूर्ण मिटून लॅच आत बसायला हवा. बसत नसेल तर कारण बहुधा चारपैकी एक असतं: नवा गालिचा दाराला घासतो, पट्टीवर रंगाचे थर चढलेत, क्लोजर ढिला पडलाय, किंवा दार आपटतं म्हणून कुणीतरी तो सोडवून ठेवलाय. दार आपटत असेल तर क्लोजरच्या स्क्रूने वेग कमी करता येतो, तो काढायची गरज नसते. स्वयंपाकघराचं दार पाचर लावून उघडं ठेवायची सवय सुटत नसेल तर अलार्म वाजताच दार सोडणारा होल्डर मिळतो.

फ्लॅटचं मुख्य दार मात्र तुमच्या मर्जीने बदलू नका. ते लीजप्रमाणे, म्हणजे इमारतीच्या मालकाशी असलेल्या फ्लॅटच्या दीर्घ मुदतीच्या करारानुसार, तुमचं आहे की इमारतीच्या मालकाचं हे आधी पाहा. २०२१ च्या फायर सेफ्टी अ‍ॅक्टने स्पष्ट केलं की फ्लॅटची मुख्य दारं इमारतीच्या अग्निसुरक्षेत येतात आणि २०२२ च्या फायर सेफ्टी नियमांनुसार ११ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतीत ती दरवर्षी तपासण्याचा पुरेपूर प्रयत्न इमारतीच्या जबाबदार व्यक्तीने करायचा असतो. व्यवस्थापनाच्या पत्राला उत्तर देताना याच दाराची शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा. एका पत्रात दोन्ही बाजूंचं काम होईल.

कुलपांची मागणी मान्य करायला हरकत नाही, पण कुलूप कोणतं ते तुम्ही ठरवा. बाहेरून किल्ली, आतून हाताने फिरवायची खुंटी. मुख्य दारालाही तेच. आतून किल्लीने उघडायचं कुलूप किंवा कडी-कोयंडा नको. धुरात किल्ली सापडत नाही. हेही लक्षात घ्या की प्रत्येक खोलीला कुलूप आणि प्रत्येकाशी वेगळा करार झाला की कौन्सिल त्या घराकडे मित्रांचं एकत्र घर म्हणून न पाहता वेगवेगळ्या भाड्याच्या खोल्या म्हणून पाहू शकते. मग बेडरूमचीही दारं अग्निरोधक असावीत, अशी अपेक्षा वाढते.

इलेक्ट्रिक सायकलबद्दल मी आग्रहाने लिहिते. ५ मार्च २०२३ रोजी पूर्व लंडनमधल्या शॅडवेल भागात मॅडॉक्स हाउस या इमारतीतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आग लागली. कारण होतं इलेक्ट्रिक सायकलची लिथियम बॅटरी. एका माणसाचा जीव गेला. त्या फ्लॅटला लायसन्स होतं, पण ते तीन जणांचं होतं आणि राहत होते त्याच्या कित्येक पट. तुमच्याकडे बॅटरी पॅसेजमध्ये चार्ज होते, म्हणजे सगळ्यांच्या एकमेव वाटेवर. लिथियम बॅटरी बिघडली तर धूर आणि ज्वाळा काही सेकंदांत पसरतात, तिथून उडी मारून जायलाही वाव राहत नाही. सायकल आणि बॅटरी पॅसेजमधून आजच हलवा. इमारतीत ठेवायला आणि चार्ज करायला परवानगी आहे का ते व्यवस्थापनाला विचारा. नसेल तर फ्लॅटमध्येही चालणार नाही. परवानगी असली तरी चार्जर मूळ कंपनीचाच हवा. जुळवाजुळव केलेली किंवा आपटलेली बॅटरी वापरू नये आणि सगळे झोपलेले असताना चार्जिंग नको. हे करारात लिहून घ्या, नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर सांगू नका.

कागदांचं थोडक्यात. विजेची तपासणी, म्हणजे ईआयसीआर, दर पाच वर्षांनी. तिच्यात सी१ (धोका समोरच आहे), सी२ (धोका होऊ शकतो) किंवा एफआय (आणखी तपासणी हवी) असा शेरा असेल तर २८ दिवसांत दुरुस्ती किंवा पुढची तपासणी करून लेखी पुरावा घ्यायचा. सी३ ही नुसती शिफारस असते. गॅस असेल तर दरवर्षी ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या इंजिनिअरची तपासणी आणि त्याची प्रत मुलांना. बॉयलर ज्या खोलीत आहे तिथे कार्बन मोनॉक्साइड अलार्म कायद्याने हवा. तो बॉयलरपासून आडव्या अंतराने १ ते ३ मीटरवर बसवतात. सोफ्यांवर १९८८ च्या नियमांचं अग्निरोधक लेबल आहे का ते पाहा. स्वयंपाकघरात फायर ब्लँकेट शेगडीच्या मागे नको, बाहेर पडण्याच्या वाटेकडच्या भिंतीवर हवं.

लीज, गृहकर्ज आणि विमा या तिघांनाही विचारावं लागेल. जुन्या लीजमध्ये ‘एकाच कुटुंबाच्या निवासासाठी’ असं कलम बरेचदा असतं. बँकेने भाड्याने द्यायची परवानगी दिली म्हणजे एचएमओची दिली असं नाही. विमा कंपनीला वेगवेगळ्या कुटुंबांतले चार भाडेकरू आहेत हे सांगितलेलं नसेल तर आगीनंतर दावा फेटाळला जाऊ शकतो.

खोल्यांची मापं तुम्ही दिली आहेत: १२.४, ९.१ आणि ६.८ चौरस मीटर. लायसन्स असलेल्या एचएमओत झोपायच्या खोलीची किमान जागा एका प्रौढाला ६.५१ आणि दोघांना १०.२२ चौरस मीटर आहे, छत १.५ मीटरपेक्षा खाली आलेला भाग यात धरत नाहीत. म्हणजे मावसभाऊ मोठ्या खोलीत राहू शकतात आणि बाकी दोन खोल्यांत एकेक जण. ९.१ च्या खोलीत दुसरा पलंग टाकून पाचव्याची सोय होणार नाही. ६.८ ची खोली कायद्याच्या किमान मापात जेमतेम बसते, पण बऱ्याच कौन्सिलांची स्वतःची मापं याहून मोठी असतात, त्यामुळे पुस्तिका आल्याशिवाय तिची खात्री धरू नका. लायसन्स देताना खोली लहान पडली तर ती दुरुस्त करायला किंवा रिकामी करायला कौन्सिल पहिल्या लायसन्समध्ये १८ महिन्यांपर्यंत मुदत देऊ शकते.

तुम्ही इंग्लंडबाहेर आहात ही वेगळी अडचण आहे. लायसन्सधारक किंवा व्यवस्थापक इंग्लंडमध्ये हाताशी असावा अशी बऱ्याच कौन्सिलांची अपेक्षा असते आणि ती योग्यच आहे. भाचा किल्ली ठेवतो एवढ्याने तो व्यवस्थापक होत नाही. त्याला हे काम द्यायचंच असेल तर महिन्यातून एकदा जाऊन सगळे अलार्म बटण दाबून तपासणं, दोन्ही दारं सोडून पाहणं, पॅसेज मोकळा आहे का पाहणं आणि तारखेसह वहीत लिहिणं एवढं ठरवून द्या. नाहीतर ‘लागतच नाही’ म्हणणाऱ्या या एजंटऐवजी एचएमओ सांभाळणारा दुसरा शोधा. मुख्य दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लावा: आग आपल्या फ्लॅटमध्ये असेल तर सगळ्यांनी बाहेर, मागे दारं ओढून घ्यायची, लिफ्ट नाही, बाहेर आल्यावर ९९९. भारतातून नव्याने आलेल्या मुलांच्या डोक्यात १०१ पक्का असतो. ११२ मात्र तिकडेही चालतो. आग दुसऱ्या फ्लॅटमध्ये असेल तर काय करायचं हे इमारतीच्या सूचनाफलकावर असतं, तेही तिथेच उतरवून लावा.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी दोन वाक्यं. स्वतः त्या घरात राहून जास्तीत जास्त दोन जणांना खोल्या देत असाल तर ते घर एचएमओ ठरत नाही. घर स्कॉटलंडमध्ये असेल तर वरचं लायसन्सचं गणित विसरा. तिथे तीन वेगळ्या कुटुंबांतली तीन माणसं झाली की लायसन्स लागतंच.

राहिला पाचवा मुलगा. त्याला ‘उद्या निघ’ म्हणता येणार नाही. तो भाडेकरू आहे आणि धमकावून, कुलूप बदलून किंवा सामान बाहेर काढून त्याला घालवणं हा १९७७ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याच्याशी फोनवर स्वतः बोला, भाच्याकरवी निरोप पाठवू नका. त्या खोलीतून आगीत बाहेर पडता येणार नाही हे जसं आहे तसं सांगा. जागा मिळेपर्यंत काही रात्री मोठ्या खोलीत गादी टाकून तिघे झोपले तर दाटी होईल, पण ती दाटी दिवाणखान्यातल्या पलंगापेक्षा सुरक्षित आहे. मावसभावांना तसं आधी विचारा. त्या दिवसापासून त्याचं भाडं थांबवा, नोटिशीचा कालावधी मागू नका, नव्या घराच्या डिपॉझिटला हातभार लावता आला तर लावा. पाचही जणांची नावं एकाच करारात असतील तर त्याच्या जाण्याला सगळ्यांची लेखी संमती घेऊन चौघांचा नवा करार करा आणि डिपॉझिटची नोंदही बदलून घ्या. पलंग निघाला की त्या खोलीत जेवणाचं टेबल ठेवा, म्हणजे तो कोपरा पुन्हा कुणाला झोपायला मोकळा दिसणार नाही.